केशकर्तनालयातील टॉवेलांचा हिशेब



आज बोलायचे आहे ते एका अगदी साध्या वस्तूविषयी. आपण दाढीला किंवा कटिंगला बसतो, कारागीर फटकन एक टॉवेल झटकतो आणि आपल्या गळ्याभोवती गुंडाळतो. तो टॉवेल आपल्या आधी किती माणसांच्या मानेवरून फिरून आला, हे आपण विचारीत नाही आणि तोही सांगत नाही. दुकान चालविणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा टॉवेल म्हणजे रोजची डोकेदुखी. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या दुकानांतून मी पुष्कळ हिंडलो आहे, स्वतः या धंद्याच्या घरात वाढलो आहे. सगळीकडे तक्रार एकच: “अहो, दर माणसाला धुतलेला टॉवेल द्यायचा म्हटलं तर परवडायचं कसं?” परवडते की नाही, ते आज आपण पैशांत मोजून पाहू.

पण आधी थोडे मागे जाऊ. आमच्या आजोबांची धोकटी घरी होती. तिच्यात वस्तरा होता, कात्री होती, नऱ्हाणी होती, धार लावायचा दगड होता, पाण्याची वाटी होती. टॉवेल नव्हता! बलुत्याच्या काळी न्हावी घरोघर जाई, ओट्यावर नाही तर झाडाखाली बसून हजामत करी आणि मान पुसायला पंचा असे तो ज्याचा त्याचा. कुणी धोतराच्या सोग्यानेच तोंड पुसून उठे. खळ्यावर धान्य मिळे त्यात टॉवेल धुण्याची मजुरी नव्हती, कारण ते कामच नव्हते. पुढे दुकान आले, आरसा आला, फिरती खुर्ची आली आणि तिच्याबरोबर दुकानाचा टॉवेल आला. पंचा एकाचा होता, हा टॉवेल सगळ्यांचा झाला. अडचण सुरू झाली ती इथून.

ती नुसती किळसेची अडचण नाही. गजकर्ण, ज्याला आपल्याकडे कुणी नायटाही म्हणतात, तो बुरशीचा रोग आहे. तो अंगाला अंग लागून पसरतो, तसा कपड्यांतून आणि टॉवेलांतूनही पसरतो. गेल्या दहापंधरा वर्षांत हा रोग आपल्या देशात फार चिवट झाला आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या त्याच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी २०२० साली ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे निराळे नावच दिले. हिंदुस्थानवरून पडलेले हे नाव काही अभिमानाने सांगावे असे नाही. दिवसभर खुर्चीच्या पाठीवर पडलेला घामट, ओलसर टॉवेल ही अशा बुरशीला हवी तशी जागा. गिऱ्हाइकाला मानेवर चट्टा उठला की तो डॉक्टरकडे जातो, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या दुकानात जातो. आपल्याला काही बोलत नाही. हा तोटा वहीत कुठेच दिसत नाही.

आता हिशेब. मी आकडे धरतो आहे ते समजण्यापुरते. आपापल्या गावचे भाव घालून ज्याने त्याने ते पुन्हा मांडावेत. समजा, दोन खुर्च्यांचे दुकान आहे आणि दिवसाला तीस गिऱ्हाइके होतात. पुष्कळ दुकानांत अंघोळीचा मोठा टॉवेल वापरतात, पाऊण मीटर रुंद आणि दीड मीटर लांब. जरा जाडसर असला तर त्याचे वजन साडेचारशे ग्रॅम भरते. असे तीस टॉवेल म्हणजे साडेतेरा किलो धुणे. रोज एवढे धुणे कोण काढणार? म्हणून ते निघतच नाही. चार टॉवेल तीस माणसांना पुरविले जातात.

त्याऐवजी साठ सेंटिमीटर लांब आणि चाळीस रुंद असा नॅपकिन घ्या. त्याच जाडीचा असला तरी त्याचे वजन शंभर ग्रॅमच्या आतच राहते. तीस माणसांचे तीस नॅपकिन मिळून तीन किलोसुद्धा होत नाहीत. दोन टाक्यांच्या साध्या यंत्राला हा एक घाणा आहे. मान पुसायला आणि दाढीचा फेस टिपायला याहून मोठे कापड लागत नाही. गळ्याभोवतीचे मोठे आच्छादन वेगळे असते, ते गुळगुळीत कापडाचे असावे, म्हणजे केस झटकले की पडतात.

नॅपकिन चाळीस रुपयांना पडला आणि शंभर धुण्या टिकला, तर दर वेळचे चाळीस पैसे. तीस नॅपकिनांच्या धुण्याला साबणाची भुकटी, सोडा आणि वीज मिळून बारा रुपये धरले, तर तेही दर नॅपकिनला चाळीस पैसेच. एकूण ऐंशी पैसे. वापरून टाकून द्यायचे कागदी कापड निघाले आहे, ते याच्या कितीतरी पट महाग पडते आणि संध्याकाळी कचऱ्याचा ढीग करते. दाढीच्या दरापुढे ऐंशी पैसे म्हणजे काय, ते दुकानदारांना मी सांगायला नको.

या हिशेबात एक रक्कम मी अजून धरलेली नाही, आणि आपणही बहुधा धरीत नाही. टॉवेल धुते कोण? दुकान बंद करून कारागीर गाठोडे घरी नेतो आणि मोरीपाशी टाकतो. पुढचे काम घरातल्या बाईचे. तिची मजुरी शून्य, म्हणून धुणे फुकट! एका माउलीने मला हात पुढे करून दाखविले. सोड्याने बोटे फुटली होती. म्हणाली, “दादा, ह्यांच्या दुकानाचा निम्मा धंदा मीच करते, पण गल्ल्यात हात घालायचा हक्क नाही बघा.” शिवाय परक्यांचे टॉवेल घरच्या कपड्यांत, लेकरांच्या लंगोटांत एकत्र भिजतात ते निराळेच. माझे म्हणणे असे की या कामाचे रोज तीस-चाळीस रुपये तरी बाजूला काढून तिच्या हातात ठेवावेत. तरीसुद्धा माणशी खर्च सव्वादोन रुपयांच्या वर जात नाही. आणि मजुरी द्यायची म्हटली की मोठे टॉवेल आपोआप कमी होतात, हे मी पाहिले आहे!

आता पाण्याकडे येऊ, कारण आपल्या भागात टॉवेल लवकर मरतो तो पाण्याने. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकात झाला, त्याने या दोन्ही तालुक्यांत ऊस आणला. पण कालव्याखालच्या पुष्कळ जमिनी पाणी मुरून खारवट, चोपण झाल्या आणि त्या बाजूच्या विहिरींचे, बोअरचे पाणी मचूळ झाले. सुपे-मोरगावकडच्या जिरायत पट्ट्यात तर उन्हाळ्यात पाण्याचीच वाण, मग ते जड की हलके हे कोण बघतो! शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात, ते हेच जड पाणी. त्यात चुना आणि मॅग्नेशियम विरघळलेले असते. साबण आधी त्यांच्याशीच झगडतो, त्यांचा चिकट साका होतो आणि तो टॉवेलच्या धाग्यांत बसतो. टॉवेल करडा पडतो, पापडासारखा कडक होतो, पाणी टिपीत नाही. आपल्याला वाटते मळ निघाला नाही, म्हणून आपण आणखी साबण ओततो. साका आणखी वाढतो.

याला उपाय धुण्याचा सोडा. खाण्याचा नव्हे, धुण्याचा. वीस लिटरच्या बादलीत पोहे खायचा एक सपाट चमचा सोडा आधी विरघळवावा, थोडा वेळ थांबावे आणि मग साबण घालावा. साबण पूर्वीच्यापेक्षा कमी लागतो. सोडा हाताने कालवू नये, काठी घ्यावी. बाजारात कपडे मऊ करणारी सुवासिक द्रव्ये मिळतात, ती टॉवेलला मुळीच नकोत. त्यांचा थर धाग्यावर बसतो आणि टॉवेल हाताला मऊ लागला तरी पाणी शोषीत नाही. नवा टॉवेलसुद्धा खळ निघून जाईपर्यंत दोनदा धुवूनच वापरात आणावा. शेवटच्या खळबळण्याचे पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असते, ते दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या भिजवण्याला ठेवावे. पाण्याच्या टंचाईत एवढीच दीड-दोन बादल्यांची बचत होते.

भिजवण्याआधी टॉवेल कोरडा असतानाच जोराने झटकावा. ओला झाल्यावर केस धाग्यांच्या फासांत अडकतात, मग ते पुढच्या माणसाच्या मानेला टोचतात आणि यंत्राची नळीही तुंबवतात. म्हणून दाढीला मला स्वतःला जुना पातळ पंचाच बरा वाटतो. त्याला फासे नाहीत, केस धरीत नाही, अर्ध्या वेळात वाळतो. गिऱ्हाइकाला तो गरिबीचा वाटतो, हीच काय ती त्याची अडचण. ज्यांना टेरीच हवा त्यांना सोलापूर दूर नाही. इंदापूरची माणसे सोलापूरच्या रस्त्यावरच बसलेली आहेत, आणि तिथल्या टेरी टॉवेलाला भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळालेला आहे. फार जाड मात्र घेऊ नये. जाड टॉवेल दुकानात शोभतो आणि दोरीवर रडवतो.

रक्ताचा डाग पडला तर तो टॉवेल लगेच वेगळा काढावा. गार पाण्यात धुवावा. गरम पाण्यात घातला की डाग पक्का बसतो. मग विरंजक पाण्यात थोडा वेळ बुडवावा. हे विरंजक रोज सगळ्या टॉवेलांना घालू नये, सुताची ताकद जाते. आणि ते संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. कलपासाठी पाचसहा गडद रंगाचे टॉवेल निराळे ठेवावेत. कलपाचा डाग पांढऱ्यावरून जात नाही आणि तो काढण्याच्या नादात टॉवेल जातो.

बाकीच्यांना कढत पाणी हवे. हात घालवणार नाही इतके, म्हणजे साठ अंशांच्या पुढचे, आणि त्यात अर्धा-पाऊण तास भिजत ठेवायचे. नुसत्या गार पाण्यात बुरशी मरत नाही. ज्यांच्या घरावर सूर्याचे बंब बसले आहेत त्यांना हे पाणी फुकट आहे. आणि वाळवायला आपले ऊन! या बाबतीत आपला कोरडा मुलूख कोकणापेक्षा भाग्यवान. मार्च ते मे गच्चीवर टाकलेला नॅपकिन तासाभरात खडखडीत होतो. एवढेच की कारखान्यांच्या आसपास गळीत हंगामात काजळी उडते, आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्याकडेला दोरी बांधली तर टॉवेल धुतल्याचे समाधान तेवढे राहते.

पावसाळ्यात खरी कसोटी. एक संच वापरात, एक दोरीवर, एक कपाटात, असे तीन संच एरवी पुरतात. तीस गिऱ्हाइकांना नव्वद नॅपकिन. पावसाळ्यात चौथा लागतो. एकदम घेणे जड जाते, म्हणून दर महिन्याला एक डझन घ्यावेत. ओलसर टॉवेल घडी करून कधीच ठेवू नये. कुबट वास आला म्हणजे आपण बुरशीची शेतीच केली असे समजावे. पिळण्याच्या टाकीत दोनदा फिरवून रात्री बंद दुकानात पंख्याखाली पसरावेत. श्रावणात पुष्कळ लोक दाढी-कटिंग करीत नाहीत, दुकान थंड असते. त्या दिवसांत विरलेले टॉवेल निवडून काढावेत. त्यांचे आधी आरसे पुसायचे फडके होते, मग फरशी पुसायचे.

शेवटी एक पाहिलेली गोष्ट सांगतो. जून-जुलैत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी सराटीकडे जाते. वाटेवरच्या गावांत आमचे धंदेबंधू रस्त्याच्या कडेला बसून वारकऱ्यांची दाढी फुकट करून देतात. त्या दिवशी गिऱ्हाइके तीस नसतात, मोजदादच नसते. एके वर्षी पावसाची भुरभुर चालू होती, टॉवेल सकाळी दहालाच संपले. मी म्हटले, “आता काय करायचं?” तो कारागीर हसला आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्याला म्हणाला, “माउली, खांद्यावरचा तुमचा पंचा द्या बरं इकडं.” वारकऱ्याने पंचा काढून दिला, दाढी झाल्यावर त्यानेच तोंड पुसले आणि तो पुन्हा खांद्यावर टाकून पुढे चालू लागला. त्यानंतर त्या कारागिराने आपल्या दुकानातही पाटी लावली आहे: ‘घरचा टॉवेल आणणारास दोन रुपये सूट.’ रोज चारपाच जण आणतात, असे तो सांगतो.