हीटर कां तापत नाहीं?

दिवाळीच्या आधीं घरोघरीं सोऱ्या बाहेर निघतो. मळलेलें पीठ आंत भरावें, वरून दाब द्यावा, आणि चकतीच्या छिद्रांतून शेव सरळ कढईंत उतरावी. या क्रियेंत न समजण्यासारखें कांहीं नाहीं. थ्री-डी प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची बारीक तार, म्हणजे फिलामेंट, जें यंत्र बनवितें तें या सोऱ्याचेंच भावंड होय. वरच्या चाडींतून दाणे पडतात, फिरता मळसूत्री दांडा त्यांना नळींतून पुढें रेटतो, आणि तोंडाशीं असलेल्या छिद्रांतून तार बाहेर येते. फरक एवढाच कीं पीठ मऊ करण्यास पाणी पुरतें, तर प्लास्टिकच्या दाण्यांस दीडशें ते दोनशें अंशांची उष्णता लागते. ती देणारा हीटर बिघडला म्हणजे सारें यंत्र अडून बसतें.

असें यंत्र मोठ्या कारखान्यांतच असावें, हा समज २०१३ सालीं पुष्कळसा मोडला. अमेरिकेंतील ह्यू लायमन या ८३ वर्षांच्या निवृत्त गृहस्थांनीं घरीं बनविलेल्या यंत्रास त्या वर्षीं एका स्पर्धेंत ४०,००० डॉलरांचें पारितोषिक मिळालें. सुट्या भागांचा खर्च २५० डॉलरांच्या आंत असावा अशी स्पर्धेची अट होती, आणि यंत्राचा आराखडा सर्वांस खुला ठेवावयाचा होता. आपल्याकडे पुण्यांत प्रोटोप्रिंट या उपक्रमानें 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशीं हात मिळवून टाकाऊ प्लास्टिकपासून अशी तार काढण्याचा उद्योग आरंभिला. कचऱ्याच्या भावानें जाणाऱ्या मालास तारेचा भाव यावा, हा त्यामागील हेतु. तेव्हां हा विषय केवळ हौशी लोकांचा उरलेला नाहीं.

टोकावडे हें ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांतील, कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. तेथील एखाद्या होतकरू तरुणानें असा संच मागवून घराच्या ओटीवर जुळविला आहे, असें समजूं. बटण दाबलें, नियंत्रकावरचे आंकडे उजळले, नळी मात्र थंडच. पहिला विचार मनांत येतो तो हा कीं हीटर जळला, नवा आणावा. त्यासाठीं कल्याण गांठावें लागतें. तेथें न मिळाला तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. दिवस जातो, पैसे जातात, आणि पुष्कळदां नवा हीटरही जुन्यासारखाच थंड राहतो, कारण रोग त्याला नसतोच.

यासाठीं आधीं मोजावें. प्लग भिंतींतून काढावा. नुसतें बटण बंद करून भागत नाहीं, कारण जुन्या घरांत बटण भलत्याच तारेवर बसविलेलें आढळतें. मग हीटरची एक तार सोडवून मल्टिमीटरनें रोध पाहावा. व्होल्टांचा वर्ग करून त्यास वॉटांनीं भागलें कीं अपेक्षित आंकडा मिळतो. २३० व्होल्ट व १५० वॉटच्या हीटरचा रोध सुमारें ३५० ओहम यावयास पाहिजे. मीटरनें कांहींच दाखविलें नाहीं तर हीटरची तार आंतून तुटली आहे, आणि मग कल्याणची फेरी व्यर्थ नव्हे. आंकडा बरोबर आला, तर प्रथम जोडाचे स्क्रू पाहावेत. ढिला व काळवंडलेला स्क्रू हें फार साधें कारण आहे, आणि म्हणूनच तें सर्वांत शेवटीं सुचतें.

पुढचा संशय नियंत्रकावर घ्यावा. स्वस्त नियंत्रक दोन जातींचे मिळतात आणि समोरून ते जुळ्या भावांसारखे दिसतात. एका जातींत आंतच खटका असतो. तो दोन तारा नुसत्या जोडतो अगर तोडतो. दुसऱ्या जातींतून बाहेरच्या सॉलिड स्टेट रिलेस चेतविण्यापुरता थोड्या व्होल्टांचा डीसी दाब निघतो. संचांत रिले बाहेरचा आणि नियंत्रक पहिल्या जातीचा, अशी गांठ पडली कीं आंतला खटका वाजतो, दिवा लागतो, आणि हीटरपर्यंत कांहींच पोंचत नाहीं. घरगुती कारागिरांना या घोटाळ्यानें फार छळलें आहे. नियंत्रक उष्णता मागत असतांना रिलेच्या डीसी टोंकांवर मीटर धरावा. तेथें कांहींच व्होल्ट नसतील तर हीटरला दोष देऊं नये. व्होल्ट असतील, पण धन व ऋण उलट जोडलेले असतील, तरीही परिणाम तोच.

स्वतः रिले तपासतांना मात्र मीटरवर विसंबूं नये. बंद असतांनाही त्यांतून किंचित् प्रवाह झिरपतो; हीटर काढून नुसता मीटर लावला तर बंद रिलेही चालू भासतो. हीटरच्या जागीं १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा दिवा जोडावा, आणि मगच प्लग लावावा. दिवा झगझगीत लागला तर रिले चालू, मुळींच न लागला तर बंद. एलईडीचा दिवा येथें कामाचा नाहीं. झिरपत्या प्रवाहावरही तो मिणमिणूं शकतो. नियंत्रकानें मागणी थांबविल्यावरही दिवा जळतच राहिला, तर रिले आंतून कायमचा जोडला गेला आहे. हा रिले पुष्कळदां असाच मरतो.

येथवरचा बिघाड बहुतेक खर्चाचा. हा मात्र घर जाळणारा. जो हीटर तापत नाहीं तो फार तर काम थांबवितो. जो थांबत नाहीं तो अधिक भयंकर. थर्मोकपल बिघडलें तरी हीच गत होते. त्याच्या दोन तारा दोन निराळ्या धातूंच्या असतात आणि त्यांच्या सांध्याच्या उष्णतेवरून नियंत्रक तापमान ओळखतो. त्या उलट जोडल्या तर नळी तापूं लागतांच आंकडा खालीं उतरतो, आणि नियंत्रक भाबडेपणानें अधिकच उष्णता मागतो. रंगांवर भरंवसा ठेवूं नये. 'के' जातीच्या थर्मोकपलांत अमेरिकन प्रथेप्रमाणें लाल तार ऋण असते, तर चीनमधून येणाऱ्या पुष्कळांत तीच धन. टोंक भोकांतून निसटलें असेल तर नळी धुमसूं लागली तरी आंकडा खोलीचीच उष्णता सांगतो. परीक्षा स्वयंपाकघरांत होते: हीटरचा जोड काढून थर्मोकपलचें टोंक उकळत्या पाण्यांत धरावें; आंकडा शंभराच्या आसपास यावा.

याशिवाय २४० अंशांचा थर्मल फ्यूज हीटरच्या तारेंतच ओळीनें बसवून नळीस चिकटता ठेवावा. त्यास डाग देऊं नये, डागाच्या उष्णतेनेंच तो उडतो. टोपणी दाबून जोड करावा. धातूच्या भागांना अर्थिंग हवेंच. आणि यंत्र चालू ठेवून कोणीं शेतावर जाऊं नये.

दोन गोष्टी खेड्यांत विशेष आढळतात. संध्याकाळीं दाब २३० वरून १८० व्होल्टांवर आला, तर १५० वॉटचा हीटर सुमारें ९२ वॉटच देतो, आणि आंकडा मध्येंच अडकून राहतो. तेव्हां हीटर धडधाकट असतो. पावसाळाभर पडून राहिलेल्या हीटरच्या आवरणांत दमटपणा शिरतो आणि चालू करतांच ईएलसीबी पडतो. तो काढून उन्हांत, जमल्यास मंद उष्णतेच्या भट्टींत, चांगला वाळवावा. ईएलसीबीला बगल देऊं नये.

सर्व जुळून आंकडा १८० वर आला तरी मोटर लगेच फिरवूं नये. नळीची कड तापलेली असते, मधले दाणे अजून कठीण असतात. तेवढ्यांत दांडा पिळवटतो किंवा मोटर बसते. पाव तास थांबावें. पहिली हातभर तार जाडीभरडी व बुडबुड्यांची येते, ती कापून टाकावी, आणि पुढची १.७५ मिलिमीटर भरते कीं नाहीं तें कॅलिपरनें पाहावें.