गाठीचा तुकडा तपासायला घाबरू नका



आज पायाच्या एका दुखण्याबद्दल बोलू. शेतात अनवाणी काम करताना काटा रुततो. काटा निघतो, जखम भरते, आपण विसरून जातो. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, तिथे घट्ट गाठ येते. ती फारशी दुखत नाही, म्हणून अंगावर काढली जाते. मग गाठीला तोंडं पडतात, पू येतो आणि पुवात खसखशीसारखे बारीक दाणे दिसतात.

या रोगाचं नाव मायसेटोमा. मदुराईकडे तो पूर्वी फार दिसला, म्हणून ‘मदुरा फूट’ असंही म्हणतात. रोग आपल्याकडेही जुनाच. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात काम केलेल्या डॉ. कार्टर यांनी १८७४ साली त्यावर पुस्तक लिहिलं होतं.

खरी अडचण पुढेच आहे. हा रोग कधी बुरशीमुळे होतो, कधी जिवाणूंमुळे. वरून पाय सारखाच दिसतो, औषधं मात्र वेगळी. जिवाणू असतील तर अँटिबायोटिक कित्येक महिने घ्यावी लागतात. बुरशी असेल तर बुरशीवरच्या गोळ्या वर्षभर किंवा जास्त, आणि कधी ऑपरेशनही. चुकीचं औषध चालू राहिलं, तर रोग हाडापर्यंत जातो. पाय कापायची वेळही येते.

दाण्यांच्या रंगावरून अंदाज बांधता येतो. काळे दाणे बहुतेक बुरशीचे असतात. पण पांढरे-पिवळे दोन्हींचे असू शकतात. म्हणून डॉक्टर जागा बधिर करून आतला छोटा तुकडा काढतात. हीच बायोप्सी.

हा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. मग मेणात बसवून केसाहूनही पातळ चकत्या कापतात आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. धागे जाड आणि मध्ये आडवे पडदे असलेले दिसले तर बुरशी. अगदी बारीक धागे दिसले तर जिवाणू. नेमकी कुठली बुरशी, हे कळायला दुसरा तुकडा प्रयोगशाळेत वाढवून बघतात. तो फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा नाही, कारण त्यात बुरशी मरते आणि मग ती वाढत नाही. म्हणून नमुना आपल्या हाती दिला, तर कुठली बाटली कुठे द्यायची ते नीट विचारून घ्या.

“तुकडा काढला की रोग पसरतो,” या भीतीने बायका परत येतात. बायोप्सीने हा रोग पसरत नाही. तो पसरतो उशीर केल्याने.

तेव्हा पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा, कुणाच्या पायाला न दुखणारी गाठ आहे का? असेल तर तिला एकटीला पाठवू नका, एकीने सोबत जा. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात दाखवा. तपासणीचा कागद जपून ठेवा, गोळ्या मध्येच सोडू नका. आणि शेतात जाताना पायात चप्पल-बूट घाला.