गडीच नसले तर खेळ कसला?

कबड्डीला बाजूला सात गडी लागतात. चारच आले तर मैदान, चुना, पंच सगळं असूनही डाव रंगत नाही. मोबाइलवर चारचौघांनी मिळून खेळायच्या खेळांचंही असंच आहे.

मी अकोल्यात संगणकाचे वर्ग घेतो. २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली, तेव्हा आमचे पोट्टे हवालदिल झाले. २६ जानेवारी २०२१ रोजी बंगळुरूचा ‘फौजी’ आला. लाखो लोकांनी तो उतरवून घेतला. पण सुरुवातीला तो एकट्यानंच खेळायचा होता. दोस्तांची टोळी करायची सोयच नव्हती. जुलै २०२१ मध्ये पबजीचाच भारतीय अवतार आला आणि दहा महिन्यांचा खंड पडूनही जुन्या टोळ्या परतल्या.

नवा खेळ आला की पहिले काही दिवस झुंबड असते. मग गडी कमी झाले की सामना जुळायला वेळ लागतो. वाट पाहून आणखी दोघे जातात. जाणारा एकटा जात नाही, टोळी घेऊन जातो. एक पोट्टा मला म्हणाला, “सर, आपले पोट्टेच नाही राह्यले तिथं, मी एकटा काय करू?”

सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. किंमत ४० डॉलर, आणि शेजारी तसलेच खेळ फुकट! पुण्याच्या ‘इंडस’साठी तर ऑक्टोबर २०२४ मध्ये तो येण्याआधीच एक कोटीवर नावनोंदणी झाली होती. पण नाव नोंदवायला एक बोट पुरतं. खेळायला तीन दोस्त पटवावे लागतात, आणि त्या तिघांच्याही मोबाइलात जागा असावी लागते.