रोमचं पंचांग, वसईचं वर्ष

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



यंदा, म्हणजे २०२६ साली, हनुमान जयंती २ एप्रिलला आली. त्याच संध्याकाळी वसईतल्या चर्चमध्ये धर्मगुरू गुडघे टेकून गावातल्या बारा जणांचे पाय धूत होते. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे आणि रविवारी, ५ तारखेला, ईस्टर. यात योगायोग काही नाही. ईस्टरचा दिवस काढायचा नियम असा, की २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान हलत राहतो. चर्चची पौर्णिमा आकाशाकडे बघून नव्हे, तर कोष्टकावरून ठरते, म्हणून एखाद्या वर्षी दिवसभराचा फरक पडतो इतकंच. २०२४ साली होळी पेटली २४ मार्चला आणि ईस्टर झाला ३१ मार्चला. कधी फाल्गुनातली पौर्णिमा, कधी चैत्रातली, पण चंद्र तोच. तुमच्या पंचांगातल्या अर्ध्या सणांना मी लहानपणापासून ओळखतो, याचं एक कारण हेही आहे.

मला विषय दिला आहे ‘एका धर्मग्रामाचं वर्ष’. धर्मग्राम म्हणजे पॅरिश: एक चर्च, त्याच्या भोवतीच्या आळ्या आणि तिथली माणसं. वसई धर्मप्रांत स्वतंत्र झाला १९९८ साली, पण इथली गावं आणि चर्च त्याहून कितीतरी जुनी. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. शाळेत आपण सगळे एवढ्यावर थांबतो. पण किल्ल्यावरचा झेंडा बदलला तरी वाडीतला माणूस तिथंच राहिला. तो भात लावत होता, पानवेल आणि केळी करत होता, बावखलावरचा, म्हणजे वाडीतल्या तळ्यावरचा, रहाट हाकत होता आणि रविवारी चर्चला जात होता. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा या समाजांची घरची बोली कादोडी, वाडवळी अशी वेगवेगळी, आणि प्रार्थनेची भाषा मराठी.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. या चर्चचं वर्ष कागदावर रोमहून येतं, पण ते टिकलं कारण ते गावाच्या कामापुढे वाकलं. पूर्वी पावसापुढे आणि वाडीपुढे वाकलं. आता चर्चगेट लोकलपुढे वाकतं आहे. कशापुढे वाकायचं हे कोण ठरवतं, हा खरा वादाचा मुद्दा आहे, आणि दर धर्मग्रामात तो वाद चालू असतो.

वर्ष सुरू होतं आगमनकाळाने, नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी. नाताळाबद्दल मी थोडंच बोलणार आहे. चांदण्या, गोठे, करंज्या, मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) हे सगळं तुम्ही वर्तमानपत्रांत फोटोसकट पाहता. आळीआळीतली पोरं गोठा उभारायला रात्र रात्र जागतात, स्पर्धा लावतात आणि निकालावरून भांडतात. परीक्षकांचं काम कुणी आनंदाने घेत नाही.

मला जास्त रस आहे तो राखेत. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद देऊन वाटलेली झावळी प्रत्येक घरात क्रूसामागे खोचलेली असते. वर्षभरात ती वाळते, पिवळी पडते, तिच्यावर जाळी धरतात. पुढच्या वर्षी ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ तोंडावर आला की चर्चमध्ये सूचना होते, जुन्या झावळ्या आणून द्या. चर्चच्या मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात त्या जाळतात. वाळलेली झावळी भसकन पेटते, पण तिची राख लगेच वापरता येत नाही. तिच्यात शिरांचे काळे तुकडे राहतात, ते कपाळाला टोचतात. म्हणून ती निवेपर्यंत थांबायचं, हाताने चुरायची, मग चहाच्या गाळणीतून नाहीतर जुन्या मलमलीतून चाळायची. डबाभर झावळ्यांची जेमतेम वाटीभर राख होते. आमच्याकडे हे काम वर्षानुवर्षं दोन बायका करत आल्या. वेदीवर त्यांना कुणी पाहिलेलं नाही, पण राखेच्या बुधवारी, प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, अख्ख्या गावाच्या कपाळावर त्यांचं काम असतं. या बुधवारी सुट्टी नसते. म्हणून पहाटेची मिस्सा लोकलच्या वेळेआधी आटोपते आणि दादरच्या फलाटावर कपाळाला राख लागलेली माणसं उतरतात. कुणी विचारतं, ‘काय लागलंय?’ कुणी रुमाल पुढे करतं.

पुढचे चाळीस दिवस लग्नं नाहीत, बँड नाही. शुक्रवारी मांसाहार नाही आणि संध्याकाळी क्रूसाची वाट, म्हणजे चौदा ठिकाणी थांबत केलेली प्रार्थना. पूर्वी ही दुपारी व्हायची, वाडीतली दोन शिंपणांच्या मधली वेळ साधून. आता ती रात्री आठनंतर होते, कारण त्याआधी घरात माणूस नसतो.

पवित्र आठवड्यात गाव खऱ्या अर्थाने चर्चच्या ताब्यात जातं. गुरुवारी गौरवगीताला घंटा वाजतात आणि मग शनिवारच्या रात्रीपर्यंत गप्प होतात. मधल्या काळात लाकडी खडखडा वाजवायचा. त्याचा आवाज रुक्ष असतो, आणि तो तसा असावा हेच अभिप्रेत आहे. पाय धुण्याच्या विधीला पूर्वी बारा पुरुषच बसत. जानेवारी २०१६मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या आदेशाने तिथं स्त्रियाही बसू लागल्या. रोमहून असा बदल आला की आम्ही तो निमूट स्वीकारला, असं समजू नका. आमच्याकडे पहिल्या वर्षी आळीतून दोन बायकांची नावं मागितली, तेव्हा ‘मी नको, तिला सांगा’ असं म्हणत यादी पाच घरं फिरून आली. चर्च झाडणं, वेदीची कापडं धुणं, मुलांना धर्मशिक्षण देणं, आजाऱ्यांच्या घरी जाणं ही निम्म्याहून जास्त कामं बायका करतात. त्यांचे पाय धुवायला मात्र चर्चला एवढी वर्षं लागली. हे माझं मत आहे आणि ते मी आमच्या धर्मग्रामाच्या बैठकीतही मांडतो.

शनिवारी रात्री चर्चचे दिवे मालवतात. बाहेर अंगणात शेकोटी पेटवतात आणि तिच्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात. तिला पास्काची मेणबत्ती म्हणतात. पेटवण्याआधी धर्मगुरू तिच्यावर क्रूस कोरतात, वर आल्फा, खाली ओमेगा ही ग्रीक अक्षरं, आणि क्रूसाच्या चार कोपऱ्यांत त्या वर्षाचे चार आकडे. धूपाचे पाच दाणे मेणात खोचतात, येशूच्या पाच जखमांची खूण म्हणून. पुढे वर्षभर कुणाचा बाप्तिस्मा झाला की हीच मेणबत्ती लावायची आणि कुणाची शवपेटी चर्चमध्ये आली की तिच्याजवळही हीच. वर्ष संपेपर्यंत ती किती झिजली हे पाहून त्या साली गावात काय काय झालं याचा अंदाज बांधता येतो. ज्या वर्षी म्हातारी माणसं जास्त गेली, त्या वर्षी ती बुटकी होते.

ईस्टरनंतर लग्नांची झुंबड उडते. पावसाआधी उरकायचं हा जुना हिशेब, आणि शाळेच्या सुट्ट्या हा नवा. खर्चाबद्दल न बोललेलं बरं. मंडपाच्या भाड्यात पूर्वी माडीचं घर झालं असतं असं आमची म्हातारी माणसं म्हणतात, आणि त्याच मंडपात पहिल्या पंगतीला बसतात.

मग पाऊस. ईस्टरनंतरचा पेन्टेकॉस्टचा सण झाला की चर्चच्या वर्षात तो लांबलचक पट्टा येतो, ज्याला सामान्यकाळ म्हणतात. नाताळनंतरचा छोटा तुकडा धरून तो तेहेतीस-चौतीस आठवड्यांचा असतो, म्हणजे वर्षाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग. धर्मगुरूंचा झगा हिरवा आणि बाहेर वसईही हिरवी. पूर्वी या दिवसांत भातलावणी असायची, म्हणून गाव चर्चकडून फार काही मागायचं नाही आणि चर्चही गावाकडून. आता शेतं थोडी उरली. मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद देण्याचा आगेरा हा सण आहे, आणि अनेक गावठाणांत त्यासाठीची कणसं बाहेरून आणावी लागतात. वसईत अजून तेवढी वेळ आलेली नाही, पण तिची वाट कुठून येते ते आम्हाला दिसतं.

धर्मग्रामाचं गावाशी नातं काय, हे पाहायचं तर या सामान्यकाळात पाहावं. व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची माणसं एखाद्या घरी शाळेची फी, एखाद्या घरी औषधं गुपचूप पोचवतात. सव्वाशे पावलांवर राहणाऱ्या शेजाऱ्यालाही त्याचा पत्ता लागत नाही. याच चर्चच्या अंगणात पाण्याच्या टँकरविरुद्ध आणि वसईच्या बेफाम शहरीकरणाविरुद्ध सभा झाल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं नाव तुम्हाला उस्मानाबादच्या २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून, ‘सुबोध बायबल’चे कर्ते म्हणून माहीत आहे. आम्हाला ते त्याआधीपासून हरित वसईच्या लढ्यातले आणि ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून माहीत होते. विहीर आटली तर रविवारचा उपदेश विहिरीवर झाला पाहिजे, हा धडा आमच्या पिढीने त्यांच्याकडून घेतला. काही भाविकांना तो तेव्हाही रुचला नव्हता.

१५ ऑगस्टला मारियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि स्वातंत्र्यदिन एकाच सकाळी. आधी मिस्सा की आधी झेंडावंदन, याचं वेळापत्रक शाळेचे मुख्याध्यापक आणि धर्मगुरू यांच्या चर्चेतून ठरतं. रोमचे काही सण तर भारतात सरळ रविवारी सरकवले आहेत. तीन राजांचा सण ६ जानेवारीचा, पण आपल्याकडे तो जवळच्या रविवारी होतो. ख्रिस्तशरीराचा सण मुळात गुरुवारचा, तोही रविवारी. वाकण्याची ही कला चर्चला चांगली जमते.

भाषेच्या बाबतीत मात्र वाकणं अवघड जातं. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेसाठी लोकभाषांचं दार उघडलं आणि लॅटिनच्या जागी वसईत मराठी मिस्सा आली. मराठी ही आमच्या चर्चची कमाई आहे, वारसा नव्हे, असं मी मानतो. आता मुलं इंग्रजी शाळांत जातात. नव्या इमारतींत गोव्याची, मंगळुरूची, केरळची ख्रिस्ती कुटुंबं आली. साहजिकच इंग्रजी मिस्सा हवी. प्रश्न पडतो तो आठ वाजताची वेळ कुणाची, याचा. सात वाजता उठवत नाही, साडेनऊला ऊन होतं, आठची मिस्सा सोयीची. बैठकीत यावरून तास तास जातो. इंग्रजीला आठ देणारे म्हणतात, मुलं टिकतील. मराठीला आठ ठेवणारे म्हणतात, मग आजी-आजोबांनी उन्हात यायचं का? मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण पहिल्या बाजूचं म्हणणं खोटं नाही.

आमच्या गायनवृंदात आता काही मुलं मराठी गाणी मोबाईलवर रोमन लिपीत वाचून गातात. ज्येष्ठांना याचा त्रास होतो. मला तेवढा होत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. ओव्या अस्सल मराठी, पण छपाई रोमन लिपीत, कारण नागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. तेव्हा मराठी त्या लिपीतून तरली. त्या मुलांचे उच्चार सुधारावेत, ‘ळ’चा ‘ल’ करू नये, एवढं मी त्यांना सांगत असतो आणि ती ते कानाआड करत असतात.

ऑक्टोबरमध्ये जपमाळ, आळीतल्या एकेका घरी. रोज दुसरं घर, त्यामुळे महिनाभरात कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाचा मुलगा कॅनडाला गेला आणि कुणाच्या ओटीवर भावाभावांत भिंत उभी राहिली, हे सगळं समजतं. काही घरं शेवटी चहाबरोबर समोसे ठेवू लागली आणि मग चढाओढ सुरू झाली. आमच्या आळीने ठराव करून ती बंद केली. ठराव अजून पाळला जातो, फक्त शेवटचा दिवस सोडून.

नोव्हेंबरची २ तारीख सर्व मृतांची. त्याआधीच्या रविवारी दफनभूमीत कोयते-विळे घेऊन घरंच्या घरं उतरतात, कारण पावसाने कबरींवर कमरेएवढं रान माजलेलं असतं. फुलं आमच्याकडे विकत आणत नाहीत. वाडीतला झेंडू, शेवंती तोडायची, राहिलेली दादरला पाठवायची. या दिवसांत पॅरिशच्या कार्यालयात सर्वांत जास्त वर्दळ असते ती मिस्सेत वाचायच्या नावांसाठी. प्रत्येक घर आपल्या मृतांची यादी आणून देतं. आखाती देशांतून, लंडनहून व्हॉट्सअॅपवर यादी येते. गावात एकाच नावाची चार माणसं गेलेली असतात, म्हणून घरचं टोपणनाव लावायचं की नाही यावर टेबलाशी चर्चा चालते. कुणी म्हणतं लावा, नाहीतर कोणता ते कसं कळणार? कुणी म्हणतं, देवाला कळतं. त्यावर कार्यालयातल्या बाईंचं उत्तर ठरलेलं: देवाला कळतं, पण मिस्सेनंतर तुमच्या काकू माझ्याकडे येतात. टोपणनाव लावलं जातं. त्या संध्याकाळी नावं वाचायला उपदेशापेक्षा जास्त वेळ लागतो आणि एरवी शेवटच्या आशीर्वादाआधीच पार्किंगकडे पळणारी माणसंही आपलं नाव येईपर्यंत जागची हलत नाहीत.