म्हातारीची थाप आणि शिशुवर्ग

भोपळ्यांत बसून वाघाला चकविणारी म्हातारी वऱ्हाडांतल्या मुलांना आजीच्या तोंडून ठाऊक असते. (भोपळ्याला येथें कोहळें म्हणतात, पण तें असो.) ही गोष्ट शिशुवर्गांत सांगावी कीं नाहीं, हा कांहीं पालकांचा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येतें, मग मला खा, असा शब्द म्हातारी देते आणि तो मोडते. परततांना भोपळ्यांत लपून वर थापहि मारते. सहा वर्षांच्या मुलापुढें असत्याचा विजय ठेवावा काय?

विचारवंत रूसो यानें १७६२ सालीं 'एमील' या ग्रंथांत हीच शंका काढली. खोटी स्तुति करून कावळ्याच्या चोंचींतला घास पळविणारा कोल्हा दाखविला, तर मुलांना कोल्हाच व्हावेंसें वाटतें, असें त्याचें म्हणणें. निरीक्षण खरें आहे. पण कोल्ह्याला फुकटचा घास हवा होता. म्हातारीच्या मानेशीं वाघाचे दांत आले होते. ज्या अमरावती जिल्ह्यांत मेळघाट आहे आणि मेळघाटांत आजहि वाघ आहेत, तेथें हा फरक समजावून सांगावा लागूं नये. ज्यांना तरीहि मोडलेल्या शब्दाची काळजी वाटते त्यांनीं त्याच आठवड्यांत बहुला गाईची कथा सांगावी. वासराला पाजून ती वाघाकडे खरोखरच परत जाते. मग मुलें आपसांत भांडतील. मास्तरांनीं मध्यें पडूं नये.

खरी अडचण निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या दुसऱ्याच गोष्टींत आहे: कावळ्याचें घर शेणाचें, चिमणीचें मेणाचें. म्हाइंभटांनीं तेराव्या शतकांत ऋद्धिपुरीं सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रां'तहि कावळ्याच्या शेणाच्या घराची कथा आहे, आणि तें ऋद्धिपूर याच जिल्ह्यांतलें. घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो; चिमणी बाळाला न्हाऊं घालण्याची, तीट लावण्याची सबब सांगत त्याला पावसांत ताटकळत ठेवते. येथें वाघ नाहीं. गोड शब्दांनीं दार बंद ठेवणें आहे. तरी वर्ग हंसतो तो भिजलेल्या कावळ्याला. कांहीं घरीं तर शेवटीं त्याला तापल्या तव्यावर बसवितात!

म्हणून इतकी जुनी गोष्ट शाळेनें टाकूं नये. तवा मात्र खुशाल गाळावा, आणि कावळा दाराशीं उभा असतांनाच थांबून वर्गाला विचारावें, "चिमणीच्या जागीं तुम्ही असतां, तर काय केलें असतें?" उत्तरें सारीं येऊं द्यावींत, आणि उरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशीं सांगावी.