निरगाठ

जर्मनीत बीलेफेल्ड नावाचं शहर आहे. तीन लाखांवर वस्ती, विद्यापीठ, रेल्वे स्टेशन, सगळं जागच्या जागी. तर १९९४ साली आखिम हेल्ड नावाच्या विद्यार्थ्यानं गमतीनं जाहीर केलं, की हे शहर मुळी नाहीच! 'ते' लोक शहर आहे असं भासवतात. 'ते' कोण, हे विचारायचं नाही. विचारायचं एवढंच: बीलेफेल्डचं कुणी ओळखीचं आहे? तुम्ही कधी गेलायत? गेलेलं कुणी माहीत आहे? नाही ना? मग झालं. आणि कुणी म्हणालंच 'मी तिथलाच', तर तो 'त्यां'ना सामील.

परकराच्या नाडीला निरगाठ बसली, की आई ओरडायची, 'ओढू नकोस!' ओढाल तेवढी ती आवळते. पुरावा देणं म्हणजे हे ओढणं. नगरपालिकेनं १९९९ मध्ये 'बीलेफेल्ड आहे' असं पत्रक काढलं, तेही १ एप्रिलला! गाठ आणखी घट्ट.

मग २०१९ मध्ये नगरपालिकेला सुचलं, की ओढण्याऐवजी गाठीत नख घालावं. शहर नाही हे सिद्ध करा, दहा लाख युरो घ्या! जगभरातून उत्तरं आली, बक्षीस कुणालाच मिळालं नाही. शाबितीचं ओझं दावा करणाऱ्यावर. म्हणून आपण पुरावे धुंडाळत बसायचं नाही. समोरच्याला विचारायचं, 'काय दाखवलं तर तुम्हाला पटेल?' 'काहीच नाही' म्हणाला, तर ती निरगाठ.

अमेरिकेत पीटर मॅकिंडो नावाच्या तरुणानं २०१७ पासून असंच गमतीनं पसरवलं, की पक्षी खरे नाहीत, सरकारची हेरगिरीची यंत्रं आहेत, तारांवर बसून चार्ज होतात.

हे विनोद झाले. आपल्याकडे धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याला, २०१८ साली मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा उठली आणि पाच निरपराध माणसं जमावानं ठेचून मारली. तिथं 'कुणाचं मूल पळवलं, नाव सांगा' असं विचारायला हवं होतं.

तेव्हा घरच्या ग्रुपवर काका-मावशींनी असलं काही पाठवलं, तर भांडू नका, लिंकाही चिकटवू नका. 'काय दाखवलं तर पटेल?' हा एक प्रश्न तेवढा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत निरोप पुढे ढकलू नका.