पेट्रोल अडलं कुठं?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज इथं आलेले बहुतेक जण मोटरसायकलीवर आले आहेत. बाहेर लिंबाखाली रांग लागली आहे. बैलगाडीचं चाक कुरकुरलं तर वंगण कुठं घालायचं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. ही गाडी मात्र रस्त्यात बंद पडली की आपण तिच्याकडं असं बघतो, जसं काही तिच्या अंगात आलं आहे. किका मारतो, गाडी आडवी करून हलवतो, शिव्या देतो आणि शेवटी ढकलत तालुक्याला नेतो. तिथं जे बदलायला सांगतील ते बदलतो आणि जे मागतील ते देतो.

माझीच गोष्ट सांगतो. मार्च 2023. मुलीचा बारावीचा पेपर, अकराची वेळ, केंद्र बावीस किलोमीटरवर. सात किलोमीटर गेलो आणि गाडी गचके देत बंद पडली. हलवून पाहिली, पेट्रोल खळखळत होतं. थोडं थांबून किक मारली, चालू झाली. चार किलोमीटरवर पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मागून एक दूधवाला आला, त्यानं तिला बसवून नेलं. ती वेळेवर पोचली. मी गाडी ढकलत राहिलो.

तालुक्यात प्लग बदलला, कॉइल बदलली, अकराशे रुपये गेले. निंदणाऱ्या बाईची तीन-चार दिवसांची मजुरी झाली ही. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बंद! गावात फवारणीचे पंप दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे. त्यानं काही विचारलं नाही, टाकीचं झाकण उघडलं. ‘फुस्स’ आवाज झाला. झाकणाखाली प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा होता. आठ दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस झाला, तेव्हा टाकीत पाणी जाऊ नये म्हणून तो मीच बसवला होता. चूक माझी होती आणि दंडही मीच भरला.

म्हातारा म्हणाला, “पंपाच्या झाकणाला भोक कशाला असतं रे?”

भावांनो, कपाशीवर फवारणी करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न विचारा. टाकीतून औषध बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यायला पाहिजे. भोक बुजलं की पंप ओढ घेतो आणि फवारा मरतो. मोटरसायकलीच्या टाकीचंही तेच आहे. तिच्या झाकणातही हवेची बारीक वाट असते. ती धुळीनं, गंजानं किंवा आपल्या शहाणपणानं बुजली की पेट्रोल उतरायचं थांबतं. शेतापर्यंतच्या फेरीत हे कळत नाही, लांब पल्ल्यावर कळतं. थांबलं की फटीतून हळूहळू हवा शिरते आणि गाडी पुन्हा चालू होते. म्हणून वाटतं, इंजिन तापतंय.

पंप फवारेना तर आपण नवा पंप आणत नाही. झाकण बघतो, जाळी बघतो, नळी बघतो, शेवटी नोझल बघतो. मोटरसायकलीलाही हाच क्रम लावायचा. टाकी, झाकण, कॉक, नळी, कार्बोरेटर, जेट. पेट्रोल या वाटेनं जातं, आपणही याच वाटेनं जायचं. मधेच उडी मारायची नाही.

आधी पथ्य. बिडी विझवा. गाडी घराबाहेर, मोकळ्या हवेत घ्या. इंजिन थंड होऊ द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या चुलीपर्यंत जाऊन पेट घेऊ शकते. उजेडाला चिमणी नको, बॅटरी घ्या. नळी तोंडानं ओढू नका. पेट्रोल कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटलीत भरू नका आणि नोझल असो की जेट, तोंडानं फुंकू नका.

पहिला प्रश्न : पेट्रोल पोचतं की नाही? आठ-दहा किका मारून प्लग काढा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पोचतं आहे. मग ठिणगी बघा, किंवा पेट्रोल जास्त होतंय का ते बघा. हा एक प्रश्न विचारला असता तर माझे कॉइलचे पैसे वाचले असते.

प्लग कोरडा निघाला तर कॉक बंद करून कार्बोरेटरला आलेली नळी काढा आणि तिचं तोंड काचेच्या बाटलीत धरा. कॉक उघडा. धार सारखी चालली तर टाकीपासून इथपर्यंत वाट मोकळी आहे. धार आधी चांगली लागून मग थेंबावर आली, तर झाकण उघडा. धार परत वाढली की दोष झाकणाचा. झाकण उघडूनही धार येत नसेल तर कॉकमधली जाळी, मधला फिल्टर किंवा पिचकलेली नळी बघा. एवढं करायला एक पाना आणि पाच मिनिटं लागतात.

कॉकवर ‘ऑन’ आणि ‘रिझर्व्ह’ असतं. टाकीत दोन नळ्या, एक उंच आणि एक बुटकी. पेट्रोल उंच नळीच्या खाली गेलं की ‘ऑन’वर गाडी बंद पडते आणि रिझर्व्हवर चालते. म्हणजे बिघाड नाही, पेट्रोल संपत आलं आहे. पण रिझर्व्हवर घेतल्याबरोबर गाडी अडखळू लागली, तर टाकीच्या तळाला गाळ किंवा पाणी आहे. बुटकी नळी तळाचंच ओढते.

धार चांगली आहे आणि तरी गाडी चालत नाही, तर कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून वाटीतलं पेट्रोल बाटलीत घ्या. तळाशी पाण्याचा वेगळा थर किंवा लाल गंज दिसला, तर रोग सापडला. वाटी कोरडीच निघाली तर फ्लोटची सुई अडकली आहे. उलट, वाटीच्या नळीतून पेट्रोल सारखं टपकत असेल तर सुई बसत नाही.

मग राहिले जेट. गाडी सोडली की बंद पडते, पण रेस दिल्यावर चालते, तर लहान जेट बुजलं असणार. उभी चांगली चालते आणि चढावर किंवा डबलसीट घेतल्यावर दम तोडते, तर मोठं जेट किंवा मागची धार बघा. इंजिन गरम झाल्यावरही चोक ओढल्याशिवाय चालत नाही, तर पेट्रोल कमी पडतं आहे. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. स्वच्छ पेट्रोलनं धुवा आणि पंपाची हवा मारा.

आता नव्या गाड्यांचं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाला, तेव्हापासून नव्या मोटरसायकलींत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. तिथं टाकीत विजेचा पंप असतो. चावी फिरवली की दोन-तीन सेकंद बारीक घूं असा आवाज येतो. तो आला नाही तर आधी बंद करायचं बटण, मग फ्यूज, मग बॅटरी बघा. ही नळी दाबाखाली असते, तिला हात लावू नका. पण मेकॅनिकला “आवाज येतो” किंवा “येत नाही” एवढं सांगितलं, तरी त्याचं अर्धं काम होतं. आणि टाकी तळाला नेऊ नका. पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी धरतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात. म्हणून पावसाळ्यात जुनी गाडी महिना-महिना तशीच उभी ठेवू नका आणि रबरी नळी चिरली किंवा फुगली असेल तर बदला.

पेट्रोलचाच संशय आला तर पंपावर फिल्टर पेपर मागा. नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाका. चांगलं पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं, तेलकट डाग राहत नाही. मापाचा संशय आला तर पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागा. हे मागणं ग्राहकाचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत. आपला कापूस काट्यावर चढतो तेव्हा दहा डोळे वजनावर असतात. पेट्रोल घेताना मात्र आपण आकाशाकडं बघतो.

मी तुम्हाला मेकॅनिक व्हायला सांगत नाही. त्याचं काम त्यालाच करू द्या आणि कामाचे पैसे द्या. पण “काय बदलायचं?” असं विचारू नका. “पेट्रोल अडलं कुठं, ते दाखव,” असं विचारा. दाखवल्यावर मग बदला.

माझी मुलगी त्या दिवशी परीक्षेला पोचली. दर वेळी मागून दूधवाला येईलच असं नाही. कधी मागच्या सीटवर बाळंतपणाची बाई असेल, कधी साप चावलेला माणूस असेल.

जेवण झाल्यावर लिंबाखाली माझी जुनी गाडी उघडणार आहे. एक पाना, एक काचेची बाटली आणि एक फडकं, एवढंच सामान. या, स्वतःच्या हातानं नळी काढून बघा. बिड्या तेवढ्या इथंच विझवून या.